नाव वगळून

मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांमध्ये अलीकडे एक शब्द रुळला आहे : विधिसंघर्षग्रस्त बालक. कोठे तो ‘विधिसंघर्षित’ असाही छापला जातो. शासकीय मराठीची थट्टा करताना हमखास उदाहरणादाखल घ्यावा असा हा शब्द. अवजड, जोडाक्षरांनी गच्च भरलेला, आणि इंग्रजी कायद्यातील संज्ञेचे रूपांतर असल्याचे जराही न लपविणारा. चावडीवर, चहाच्या टपरीवर किंवा न्यायालयाच्या आवारात ताटकळणाऱ्या आईच्या तोंडी तो कधीही येणार नाही. तरीही भाषा शिकविणारे म्हणून आम्हांला या शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याचे कारण व्याकरणात आहे.

‘बालगुन्हेगार’ हा जुना, सुटसुटीत शब्द घ्या. त्या समासात प्रधान पद ‘गुन्हेगार’ हे आहे. ‘बाल’ हे केवळ त्याचे विशेषण. गुन्हेगार आहेच, तो लहान आहे एवढेच. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ या रचनेत प्रधानत्व बालकाकडे जाते आणि गुन्हा विशेषणाच्या जागी सरकतो. विशेषण गळून पडू शकते; नाम गळून पडले तर काही उरत नाही. ‘ग्रस्त’ या उत्तरपदाकडेही पाहावे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त : मराठीत हे पद ज्याच्यावर काही कोसळले आहे त्याच्यासाठी येते. ज्याच्या हातून दुसऱ्यावर काही कोसळले त्याला ‘ग्रस्त’ म्हणणे पीडिताच्या घरच्यांना क्रूर थट्टेसारखे वाटेल, आणि त्यांचा तो राग अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणजे हा शब्द निरागस नाही. त्याने एक पक्ष घेतलेला आहे.

हा पक्ष कायद्यानेच घेतला आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या तिसऱ्या कलमात कायद्याची मूलतत्त्वे दिलेली आहेत. त्यांतील एक तत्त्व केवळ शब्दयोजनेविषयी आहे : मुलासंबंधीच्या कार्यवाहीत दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत. कायद्याच्या संहितेत अर्थविचाराला स्वतंत्र स्थान मिळाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही. याच यादीत पुढे ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व येते : अपवादात्मक परिस्थिती वगळता मुलाच्या मागील नोंदी पुसल्या जाव्यात. कलम ७४ नुसार वृत्तपत्र, नियतकालिक, दृक्‌श्राव्य माध्यम किंवा संपर्काच्या अन्य कोणत्याही प्रकारातून मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करण्यास मनाई आहे, छायाचित्रासही आहे. मंडळाने मुलाच्या हितासाठी लेखी कारणे देऊन परवानगी दिली तरच अपवाद. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विशेष म्हणजे हेच कलम अत्याचाराला बळी पडलेल्या बालकालाही लागू आहे. समाज या दोघांना एकाच वाक्यात कधी बसवीत नाही. कायद्याने बसविले आहे.

नोंदींविषयीची मुख्य तरतूद कलम २४ मध्ये आहे. या कायद्याखाली ज्याच्या प्रकरणाचा निकाल लागला त्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता भोगावी लागू नये, आणि त्याच्या संबंधीचे कागद ठरावीक काळानंतर नष्ट करावेत. २०१६ च्या आदर्श नियमांत हा काळ अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे असा दिला आहे, आणि त्याहून अधिक नाही असे स्पष्ट म्हटले आहे. सरकारी दप्तराला एखादा कागद जपण्याची आज्ञा नेहमीच असते. तो नाहीसा करण्याची आज्ञा दुर्मीळ.

मात्र हे विस्मरण सर्वांना सारखे मिळत नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणातील सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांखालील होता. तीन वर्षांची कमाल मुदत संपवून डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर पडला, आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. त्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो, आणि बालन्यायालयाने त्याला तसे दोषी ठरविल्यास अपात्रतेपासूनचे संरक्षण आणि कागद नष्ट होण्याची सवलत या दोन्ही गोष्टी जातात. ज्या कायद्याने नव्या सुरुवातीचे तत्त्व इतक्या ठसठशीतपणे मांडले, त्याच कायद्याने काहींसाठी ती सुरुवात बंद केली.

हा सगळा विचार आपल्याकडे प्रथम प्रांतिक कायद्यांतून आला. मद्रासचा कायदा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबई इलाख्याचा १९२४ चा. मुंबईने १९४८ मध्ये नवा कायदा केला. १९८६ मध्ये केंद्रीय कायदा होईपर्यंत मूल कोणाला म्हणायचे हेही राज्याराज्यांत वेगळे होते. अमेरिकेत ही बाब आजही मुख्यतः राज्यांच्या कायद्यांची आहे. पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये इलिनॉय राज्याच्या कायद्याने शिकागोत सुरू झाले. आरोपपत्राऐवजी अर्ज, शिक्षेऐवजी व्यवस्था अशी सौम्य शब्दांची एक समांतर परिभाषा त्या परंपरेत तयार झाली. म्हणजे आमचे ‘विधिसंघर्षग्रस्त’ हे त्याच घराण्यातील दूरचे नातलग.

तेथील दोन-तीन निवाडे या प्रश्नाच्या गाठी चांगल्या उकलून दाखवितात, म्हणून थोडे तिकडे वळतो.

पहिला निवाडा नोंद नसण्याविषयीचा आहे. १९६४ च्या जूनमध्ये ॲरिझोना राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाला, शेजारणीला दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याच्या आरोपावरून पकडले. घरी निरोप न ठेवता त्याला नेले. ज्या बाईंनी तक्रार केली त्या न्यायाधीशांसमोर आल्याच नाहीत. सुनावणीत कोण काय बोलले याची कोणतीही प्रत ठेवली गेली नाही. निकाल असा की त्याने वयाची एकविसावी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारगृहात राहावे. प्रौढ माणसाला याच गुन्ह्यासाठी पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला, तेव्हा मुलांच्या हितासाठी म्हणून सांगितली जाणारी गोपनीयता बहुतांशी बोलण्यापुरतीच असते, अशा आशयाचे भाष्यही न्यायालयाने केले. सुनावणीची प्रत न ठेवण्याचा लाभ मुलाला झाला नाही. तो न्यायाधीशाला झाला. बंद दारामागे काय घडले हे कोणीच सांगू शकत नव्हते. आणखी एक उपहास : ज्या मुलाचे नाव गुप्त राहावे म्हणून व्यवस्था उभी होती, त्याचे आडनाव खटल्याच्या शीर्षकात बसले. आज जगभरातले कायद्याचे विद्यार्थी ‘गॉल्ट’ हा शब्द परीक्षेत लिहितात.

आपल्याकडे याच बाजूचा अनुभव १९८० च्या दशकात शीला बारसे यांच्या कामातून पुढे आला. मुंबईतील या पत्रकार बाईंनी देशभरच्या तुरुंगांत ठेवलेल्या सोळा वर्षांखालील मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. किती मुले, कोठे, कोणत्या कारणासाठी, ही माहिती सरकारांकडून मिळविणे हाच त्या लढ्याचा मोठा भाग होता. १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देण्यास सांगितले. मुलाचे नाव झाकणे आणि मूलच झाकणे यांतला फरक त्या याचिकेने ढळढळीतपणे दाखविला. नाव झाका, पण संख्या, जागा, दिवस आणि मारहाण झाकू नका. गोपनीयतेचा आधार घेऊन संस्थांनी चौकशी करणाऱ्यांना फाटकावरून परत पाठविणे हे आजही सर्रास चालते, आणि त्याला कलम ७४ चा आधार मुळीच नाही.

दुसरा निवाडा वेस्ट व्हर्जिनियाचा. १९७८ च्या फेब्रुवारीत सेंट अल्बन्स या छोट्या गावातील शाळेत एका चौदा वर्षांच्या मुलाने पंधरा वर्षांच्या सहाध्यायाला गोळी घातली आणि तो मरण पावला. चार्ल्सटन शहरातील दोन वृत्तपत्रांचे बातमीदार पोलिसांच्या बिनतारी संदेशावरून बातमी कळताच तेथे पोहोचले, आणि प्रत्यक्षदर्शींना, पोलिसांना व एका सरकारी वकिलाला विचारून त्यांनी हल्लेखोराचे नाव मिळविले. राज्याचा कायदा असा होता की न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय वृत्तपत्राने असे नाव छापणे हा गुन्हा. ‘डेली मेल’ने पहिल्या दिवशी नाव वगळले. दुसऱ्या वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशी सकाळी नाव आणि छायाचित्र छापले. तीन नभोवाणी केंद्रांनी ते उच्चारले. तेव्हा ‘डेली मेल’नेही दुपारच्या अंकात छापले. दोन्ही वृत्तपत्रांवर आरोप ठेवला गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीर मार्गाने मिळविलेली खरी माहिती छापल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. शिवाय नभोवाणीला मोकळे सोडून केवळ वृत्तपत्रांना बांधणारा हा कायदा आपला हेतूही साधत नाही. न्यायालयाने असेही नोंदविले की पन्नासही राज्यांत या नोंदींच्या गोपनीयतेचे काही ना काही कायदे आहेत. छापणाऱ्या तिऱ्हाइताला फौजदारी शिक्षा करणारी राज्ये मात्र पाचच.

या निकालपत्रात मुलाचे नाव नाही. ‘चौदा वर्षांचा सहाध्यायी’ एवढेच शब्द आहेत. नाव छापण्याचा अधिकार मान्य करणाऱ्या न्यायाधीशांनी स्वतः तो अधिकार वापरला नाही. आम्ही हा निवाडा वाचताना सर्वांत जास्त येथे थांबलो. कायदा जे सक्तीने साधू शकला नाही, ते लेखनातल्या साध्या संकोचाने साधले.

भारतीय कायद्याने वेस्ट व्हर्जिनियाचा दोष टाळला आहे. ‘संपर्काचा अन्य कोणताही प्रकार’ या शब्दांत आजचा भ्रमणध्वनीवरचा गटही येतो. तरी पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात काय झाले ते आपण पाहिले. कल्याणीनगरमध्ये मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक होती रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. (निबंध ही शिक्षा आहे, हे आमचे विद्यार्थी पूर्वीपासूनच मानतात, मंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले.) संतापाची लाट उसळली, आणि ती साहजिक होती. नंतर मुलाला निरीक्षणगृहात पाठविले गेले. जूनअखेर उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. या सर्व काळात मराठी वृत्तपत्रांनी मुलाचे नाव बहुतांशी छापले नाही. वडिलांचे छापले, आजोबांचे छापले, व्यवसाय छापला, घराण्याचा इतिहास छापला. वडिलांवर स्वतंत्र गुन्हे असल्याने त्यांचे नाव छापण्यास कायद्याचा अटकाव नव्हता. कलम ७४ चे अक्षर शाबूत राहिले आणि आशय पहिल्याच आठवड्यात संपला. येथे वृत्तपत्रांनी काय करायला हवे होते, याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. प्रभावशाली बापाचे नाव झाकले असते तर गोपनीयता ही श्रीमंतांची ढाल ठरली असती.

परंतु त्या प्रकरणावरून एक गोष्ट उमगते. आपल्या समाजात माणसाची ओळख त्याच्या नावात फार थोडी असते. ती बापात असते, आडनावात असते, वस्तीत असते, जातीत असते. कायद्याने नाव, पत्ता, शाळा असा क्रम लावला. तो व्यक्तीला एकेकटी धरणाऱ्या समाजाचा क्रम आहे. आमच्याकडील एखाद्या तालुक्याची बातमी घ्या : अमुक वस्तीवरील अमुक समाजाच्या विधिसंघर्षग्रस्त बालकाकडून तीन दुचाकी हस्तगत. नाव नाही, छायाचित्र नाही, संज्ञा अगदी अद्ययावत. आणि वाचणाऱ्याला जे हवे होते ते सगळे त्यात आहे. उलट येथे एका मुलाची ओळख झाकून त्या वस्तीतील पन्नास मुलांवर ती वाटून टाकली आहे. उद्या त्यांतील कोणीही शाळेच्या फाटकाशी उभा राहिला तरी पहारेकऱ्याच्या नजरेत तोच असेल.

याचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या समाजांची नोंद गुन्हेगार म्हणून केली. त्यांतील माणसाला गुन्हा करावा लागत नसे. जन्म पुरे होता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधार-वसाहतींत ठेवण्याची तरतूद केली. सोलापूरच्या सेटलमेंटचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण त्यांच्यासाठी सात वर्षांनी कागद जाळण्याची आज्ञा कोणी दिली नाही. पोलीस ठाण्यांतील संशय वारशाने पुढे जात राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्येही तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार मानण्याच्या सवयीवर बोलावे लागले. एका बाजूला व्यक्तीची नोंद पुसणारा उदार कायदा, दुसऱ्या बाजूला समूहाची न पुसली जाणारी अलिखित नोंद. आणि निरीक्षणगृहाची पायरी चढणाऱ्या कित्येक मुलांवर या दोन्ही एकदमच लागू असतात.

नोंद पुसली म्हणजे काय पुसले, हा प्रश्न आमच्यापुढे एकदा अगदी व्यवहारात उभा राहिला. एक विद्यार्थी नोकरीचा साक्षांकन नमुना घेऊन आला होता. त्याचा विषय, वर्ष, गाव यांविषयी येथे काही लिहीत नाही. नमुन्यात प्रश्न होता : आपणांस कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर कधी खटला चालला आहे काय? नोकरी मिळेल की नाही, हे तो विचारीत नव्हता. ‘नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल का?’ एवढेच त्याला हवे होते.

हा प्रश्न भाषेचा आहे. कायदा म्हणतो ते घडलेच नाही असे धरा; नमुना विचारतो घडले होते का. ‘नाही’ हा एकच शब्द पहिल्या वाक्यात आज्ञापालन ठरतो आणि दुसऱ्यात लपवाछपवी. अलास्कातील एका खटल्यात, १९७४ मध्ये निकाल लागलेल्या, असाच एक ‘नाही’ आहे. सरकारी बाजूचा साक्षीदार असलेल्या एका अल्पवयीन मुलावर घरफोडीसाठी देखरेख चालू होती, आणि राज्याच्या नियमाने ती नोंद गोपनीय होती. यापूर्वी पोलिसांनी कधी अशी चौकशी केली होती का, असे विचारल्यावर तो शपथेवर ‘नाही’ म्हणाला, आणि नोंद झाकलेली असल्याने बचावाच्या वकिलाला ते खोडता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्या आरोपीचा उलटतपासणीचा हक्क मुलाच्या गोपनीयतेहून वरचढ. ते आम्हांला पटते. तेथे दुसऱ्या माणसाचा तुरुंगवास त्या ‘नाही’वर टांगलेला होता. नोकरीच्या नमुन्यावर तसे काहीही टांगलेले नसते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक अल्पवयात दाखल झालेल्या प्रकरणामुळे अडली, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या सुरुवातीच्या तत्त्वाच्या आधारे त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने मात्र ती माहिती स्वतःहून दिली होती. म्हणजे खरे लिहिले, अडला, न्यायालयात गेला, आणि वर्षांनी जिंकला. शिवाय जिंकताना निकालाच्या शीर्षकात त्याचे नाव कायमचे छापले गेले. गॉल्टचे झाले तसेच.

आम्ही त्या विद्यार्थ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठविले, कारण तेथे मोफत आणि जबाबदारीचा सल्ला मिळतो. आमचे मत विचाराल तर दोष नमुन्याचा आहे. जो प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने काढून घेतला आहे, तो छापील कागदावर तसाच ठेवायचा आणि उत्तराचा भार अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या विवेकावर टाकायचा, ही गोष्ट त्या कागदाखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही, हे नवल आहे. अल्पवयातील प्रकरणे सांगण्याची आवश्यकता नाही, एवढी एक ओळ प्रश्नाखाली पुरेल. पुढे त्याने काय लिहिले, ते आम्ही विचारले नाही.

साहित्याच्या माणसांना या विस्मरणाच्या कायद्याची एक वेगळी अडचण वाटू शकते, आणि आमच्यात यावर मतभेद आहेत. आपली विद्या आठवणींवर उभी आहे. ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने झाली ती लेखकांनी विसरण्यास नकार दिला म्हणून. लक्ष्मण गायकवाडांनी तर पोलीस आणि समाज ज्या शब्दाने हिणवीत तोच शब्द पुस्तकाला दिला. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की कागद जाळणारा कायदा अशा लेखकाचा पुरावाच जाळतो. पस्तिसाव्या वर्षी त्याला आपले बालपण लिहायचे असेल तर मारहाणीची तारीख, मंडळाचा आदेश, वैद्यकीय तपासणीचा कागद, काहीच हाती नसेल. इतरांना वाटते की ही किंमत देण्याजोगी आहे. कारण कागद राहिला तर तो लेखकाच्या हाती पडण्याआधी हवालदाराच्या हाती पडतो. मधला मार्ग म्हणून, नष्ट करण्यापूर्वी एक प्रत त्या व्यक्तीलाच, मागितल्यास, द्यावी असे सुचविता येईल. आपली नोंद जाळायची की ट्रंकेत ठेवायची हे त्याने ठरवावे.

तो लिहायला बसलाच तर कलम ७४ त्याला अडविते काय? मनाई कोणावर आहे हे कलमात सांगितलेले नाही, आणि स्वतःविषयी लिहिणाऱ्याला सूट असल्याचाही उल्लेख नाही. परवानगी मंडळ देते, ती मुलाच्या हितासाठी. पस्तिशीच्या माणसाने मंडळापुढे जाऊन स्वतःचे नाव घेण्याची परवानगी मागावी अशी कल्पना कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावी. स्वतःचे नाव घेण्यास त्याला कोणी अडवू नये, यावर आमचे एकमत आहे. मात्र त्याच्या हस्तलिखितात शेजारच्या वळकटीवर झोपणारा मुलगा येईल, रात्री कोपऱ्यात रडणारा येईल, खिडकीचा गज वाकविणारा येईल. तेही आज कोठेतरी पस्तिशीचे असतील, एखाद्याची मुलगी शाळेत जात असेल. त्यांची नावे त्याला बदलावी लागतील. आणि गावे, आडनावे, जमातीही.